शेकरू माळावर का राहत नाही?

भीमाशंकरच्या रानात शेकरू राहते. शेकरू म्हणजे मोठी खार. अंग तांबूस तपकिरी, पोट फिकट, शेपूट लांब आणि झुपकेदार. महाराष्ट्राने या प्राण्याला राज्यप्राण्याचा मान दिला आहे.

सोलापूर जिल्ह्यात नान्नज गावाजवळ मोठा माळ आहे. हा माळ माळढोक पक्ष्याचा. माळढोक उंच, भारदस्त पक्षी. त्याचा नर दहा-बारा किलोपर्यंत भरतो. एवढे वजन घेऊनही तो उडतो.

दोन्ही ठिकाणे आपल्या महाराष्ट्रातलीच. मध्ये ना समुद्र आडवा, ना हिमालय. मग शेकरू माळावर का गेले नाही? माळढोकाला तर पंख आहेत. तो उडून भीमाशंकरच्या रानात का राहिला नाही?

प्रश्न साधा वाटतो. पण त्याचे उत्तर कळले, की आपल्या गावच्या रानाकडे आणि माळाकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. उत्तरासाठी फार लांब जायला नको. आधी आपल्या शेतात जाऊ.

१. पीक सांगते ते ऐका

कोकणात भात पिकतो. डोंगरउतारावर नाचणी होते. सोलापूरकडे काळ्या रानात रब्बीची ज्वारी डोलते. माणदेशात बाजरीवर भिस्त. असे का? कोकणातल्या माणसाला ज्वारीची भाकरी आवडत नाही म्हणून? नाही. कोकणच्या पावसात ज्वारी कुजून जाईल. सोलापूरच्या कोरड्या रानात, बाहेरून पाणी न देता, भात वाळून जाईल.

शेतकरी हे कुणाला विचारून करत नाही. बापजाद्यांनी अनुभवाने ठरवलेले आहे. कोणत्या पिकाला किती पाणी हवे, किती ऊन सोसते, किती थंडी मानवते, हे त्यांनी पाहून ठेवले.

जे पिकाचे, तेच रानातल्या झाडाचे. जे झाडाचे, तेच पशुपक्ष्यांचे. फरक एवढाच, की पीक माणूस पेरतो. रान आपले आपण उगवते. ज्याला जिथे मानवते तो तिथे टिकतो. ज्याला मानवत नाही तो तिथे टिकत नाही.

इथे एक शब्द नीट समजून घेऊ. तो शब्द म्हणजे हवामान. आज ऊन पडले, उद्या पाऊस आला, ही झाली रोजची हवा. ती रोज बदलते. पण तीस-चाळीस वर्षे पाहिले तर एखाद्या गावचा एक स्वभाव दिसतो. तिथे साधारण किती पाऊस पडतो, किती महिने पडतो, उन्हाळा किती तापतो, थंडी किती पडते. हा जो गावचा कायमचा स्वभाव, त्याला हवामान म्हणायचे. माणूस एखादे दिवशी रागावतो, पण तेवढ्यावरून आपण त्याला रागीट म्हणत नाही. तसेच हे.

२. समुद्रापासून पंढरपूरपर्यंत

आता आपण मनाने एक प्रवास करू. पश्चिमेला समुद्रकाठी श्रीवर्धनपासून निघायचे. पोलादपूरला यायचे. आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर. तिथून पाचगणी. पसरणी घाट उतरून वाई. पुढे फलटण. शेवटी पंढरपूर. पंढरीची वाट वारकरी मंडळींना काही नवी नाही.

श्रीवर्धनला नारळ आणि सुपारीच्या वाड्या आहेत. इथे पावसाळ्यात पाऊस धो धो पडतो. वर्षाकाठी अडीच-तीन हजार मिलिमीटर, कधी त्याहूनही जास्त. मिलिमीटर शब्दाने गोंधळू नका. पंचवीस मिलिमीटर म्हणजे सुमारे एक इंच.

घाट चढून महाबळेश्वरला आलो. समुद्रापासून उंची सुमारे १,३७० मीटर. इथे वर्षाचा पाऊस सहा हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणजे पाणी वाहून गेले नाही असे धरले, तर तीन पुरुष पाणी उभे राहील. इथले रान बारा महिने हिरवे. जांभूळ, अंजनी, पिसा ही झाडे एकमेकांना खेटून उभी. खोडांवर शेवाळ चढलेले.

पाचगणी तिथून वीस किलोमीटरच्या आतच आहे. पण पाऊस झपाट्याने कमी झाला. घाट उतरून वाईला आलो तर सात-आठशे मिलिमीटरच्या घरात. डोंगराच्या पूर्व उतारावर आता उन्हाळ्यात पान गाळणारी झाडे दिसू लागतात. पळस, धावडा, सालई.

फलटणला पोचलो. पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. आता बाभूळ, बोर, हिवर, निवडुंग. मध्ये मोकळे माळ आणि त्यांवर गवत. पंढरपूरपर्यंत हेच. कालव्याच्या पाण्यावर ऊस दिसेल, पण तो कालव्याचा. पावसाचा नव्हे.

सकाळी समुद्रावरून निघालेला माणूस एस. टी. बदलत संध्याकाळी पंढरपुरात असतो. एका दिवसाच्या वाटेत तीन मुलूख बदलले. माणसे तीच, भाषा तीच. पण झाडे बदलली, पाखरे बदलली, जनावरे बदलली.

३. डोंगर पाऊस अडवतो तो कसा?

भात शिजत असताना पातेल्याचे झाकण उचलून पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतात. वाफ वर गेली, झाकणाला लागून गार झाली, तिचे पाणी झाले.

तोच प्रकार सह्याद्रीत होतो. जून महिन्यात समुद्रावरून नैऋत्येचा वारा येतो. त्यात पुष्कळ वाफ असते. पुढे सह्याद्री आडवा. वाऱ्याला वर चढावे लागते. वर हवा थंड. हजार मीटर वर गेले तर साधारण सहा अंशांनी थंड. वाफ गार होते, ढग दाटतात, आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो.

डोंगर ओलांडून वारा पलीकडे उतरतो तेव्हा त्यातली बरीचशी वाफ खर्ची पडलेली असते. शिवाय खाली उतरताना हवा पुन्हा तापते. तापलेल्या हवेतून पाऊस पडणे अवघड. म्हणून डोंगरापलीकडचा मुलूख कोरडा राहतो. भिंतीच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असते ना? तसे हे. एका बाजूला पाऊस, दुसऱ्या बाजूला पावसाची सावली. हिला पर्जन्यछाया म्हणतात. माण, खटाव, फलटण, सांगोला हे सारे तालुके या सावलीत येतात.

पाऊस किती पडतो याइतकेच, पाऊस किती महिने पडतो हेही महत्त्वाचे आहे. कोकणात पाणी भरपूर, पण ते चार महिन्यांत पडून जाते. पुढे आठ महिने कोरडे. म्हणून तळकोकणातले ऐन, किंजळ, साग उन्हाळ्यात पाने गाळतात. केरळात पावसाचे महिने अधिक. जून ते सप्टेंबरचा पाऊस येतो. पुढे ऑक्टोबर, नोव्हेंबरातही चांगला पाऊस होतो. त्यामुळे तिकडे बारमाही हिरवे रान जास्त पसरले. एका माणसाला एकदाच शंभर भाकऱ्या दिल्या, आणि दुसऱ्याला रोज दोन-दोन दिल्या, तर कोण सुखाने राहील? झाडांचेही तसेच आहे.

४. झाडाची तऱ्हा आणि त्यावर जगणारे जीव

झाड पाणी मुळाने पिते आणि पानातून वाफेच्या रूपाने सोडते. पान मोठे, तर वाफ जास्त. घाटमाथ्यावर पाण्याला तोटा नाही. तिथे झाडाला मोठी पाने परवडतात. बाभळीचे पान पाहा. बारीक बारीक पानोळ्या. पाणी उडायला जागाच कमी. पळसाची रीत निराळी. त्याची पाने मोठी, पण पाण्याची चणचण सुरू झाली की तो पानेच टाकून देतो. अडचणीच्या दिवसांत शहाणा कारभारी खर्च कमी करतो, तसेच हे.

आता शेकराकडे वळू. शेकरू बहुतेक सारा वेळ झाडावर काढते. फळे, बिया, कोवळी पाने, साल खाते. उंच झाडावर काटक्या आणि पाने रचून मोठे घरटे करते. एका झाडावरून दुसऱ्या झाडावर वीस-वीस फुटांची उडी घेते. जमिनीवर ते सहसा उतरत नाही. त्याला काय पाहिजे? उंच झाडे पाहिजेत. त्यांच्या फांद्या जवळजवळ पाहिजेत. आणि बारा महिने काही ना काही खायला पाहिजे. माळावर यातले काहीच नाही. दोन बाभळींमध्ये शंभर पावलांचे अंतर. शेकरू तिथे उपाशी मरेल, नाही तर कुत्र्याच्या तोंडी जाईल.

म्हणजे पाहा, पाऊस काही शेकराला थेट सांगत नाही की तू इथे राहा. पाऊस झाड ठरवतो. झाड शेकराला जागा देते. हवामान, मग झाड, मग जनावर, अशी ही साखळी आहे.

माळढोकाचे याच्या उलट. त्याला मोकळे रान लागते. चहूकडे लांबवर नजर गेली पाहिजे. तो पायी चालत चरतो. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरे, धान्य असे मिळेल ते खातो. माळढोकाची मादी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर अंडे घालते, आणि तेही बहुधा वर्षाला एकच. दाट झाडीत या पक्ष्याला शत्रू दिसणार नाही आणि पळायला वाव राहणार नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात कर्जत तालुक्यात रेहेकुरी येथे काळवीट आहेत. त्यांचेही तेच. काळवीट वाऱ्यासारखे धावते. पण धावायला मोकळे मैदान हवे.

आता तिसरा जीव पाहा. बेडूक. त्याची कातडी ओली असते. तो कातडीतूनही श्वास घेतो. कातडी वाळली की तो मेला. म्हणून घाटमाथ्यावर बेडकांच्या जाती किती तरी आहेत आणि माळावर थोड्या. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोलीला पाऊस फार मोठा. तिथे भेकाची एक जात आहे. तिचे शास्त्रीय वर्णन २००९ साली प्रसिद्ध झाले. ही जात आंबोलीच्या परिसराबाहेर आढळल्याचे माहीत नाही. साऱ्या जगात तिचे घर तेवढेच.

५. थंडी हवी कुणाला, नको कुणाला

आतापर्यंत पाण्याचे पाहिले. आता थंडीचे पाहू. त्यासाठी थोडे उत्तरेला जावे लागेल, कारण आपल्याकडे बर्फ पडत नाही.

नारळाला वर्षभर ऊब लागते. पंजाबात कालव्यांना पाणी मुबलक आहे. पण हिवाळ्यात तिथे दहिवर गोठते. नारळाला ते सोसत नाही. पाणी असूनही तिथे नारळाच्या वाड्या नाहीत.

सफरचंदाचे बरोबर उलटे. त्याला हिवाळ्यात कडक थंडी मिळालीच पाहिजे. जुन्या जातींना सात अंशांखालची थंडी सुमारे हजार तास लागते. तेवढी झोप झाली म्हणजे वसंतात झाड नीट फुलते. झोप पुरी झाली नाही तर फुलोरा अर्धामुर्धा येतो. हिमाचल प्रदेशात कोटगढच्या भागात सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास अमेरिकेतून आणलेल्या सफरचंदाची लागवड सुरू केली. डोंगरची थंडी झाडाला मानवली. त्या भागाचे नशीब पालटले. अलीकडे थोड्या थंडीत फळणाऱ्या जातीही निघाल्या आहेत, पण तो माणसाच्या खटपटीचा भाग झाला.

एवढ्यावरून कुणी म्हणेल, सारे हवामानच ठरवते. तसेही नाही. काजूचे उदाहरण घ्या. काजू मूळचा ब्राझील देशाचा. कोकणचे हवामान त्याला पहिल्यापासूनच मानवण्याजोगे होते. पण मध्ये एवढा समुद्र. बी पोचणार कशी? सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती आणली. मग काजू इथलाच होऊन गेला. म्हणजे हवामान फक्त परवानगी देते. तिथवर पोचायचे कसे, हा प्रश्न निराळा. आणि पोचल्यावर तिथे जागा शिल्लक आहे का, हा तिसरा प्रश्न. हा तिसरा प्रश्न पुढे येणार आहे, तो ध्यानात ठेवा.

६. सीमा सरकतात

तुमच्या शेताच्या बांधाला खुणेचे दगड असतात. हवामानाच्या सीमेला दगड नाहीत. ती सीमा सरकते. फार हळू सरकते, पण सरकते.

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचे गाव आहे. तिथे उत्खनन झाले तेव्हा जमिनीत शहामृगाच्या अंड्यांची कवचे सापडली. काही कवचांवर माणसाने रेघा कोरलेल्या. काहींचे मणी केलेले. ही कवचे सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीची आहेत. शहामृग आज आफ्रिकेच्या मोकळ्या, कोरड्या मुलखात राहतो. तो एके काळी आपल्या खानदेशात फिरत होता! त्या काळी जग आजच्याहून थंड होते. आपल्याकडे पाऊसही कमी होता. पुढे हवामान बदलले. शहामृग इथून गेला. त्याच्या जाण्यात माणसाच्या शिकारीचाही वाटा असेल.

त्या बदलाला हजारो वर्षे लागली. आताचा बदल मात्र वेगाने होतो आहे. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने हवेत कर्बवायू वाढला. तो उष्णता धरून ठेवतो, गोधडीसारखा. १९०१ ते २०१८ या काळात आपल्या देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. पाऊण अंश म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण हिशेब करून पाहू. हजार मीटर चढले की सहा अंश कमी. मग पाऊण अंशाला थोडे कमी धरले, तर शंभर-सव्वाशे मीटर. म्हणजे पूर्वीचाच गारवा हवा असेल, तर झाडाने किंवा जिवाने तेवढा डोंगर चढला पाहिजे.

हिमाचलात हे डोळ्यांनी दिसते. कुलूच्या खालच्या भागात सफरचंदाला पुरेशी थंडी मिळेनाशी झाली. तिथले पुष्कळ बागाईतदार डाळिंबासारख्या दुसऱ्या फळांकडे वळले. सफरचंदाच्या बागा वर किन्नौर, लाहौल-स्पितीच्या उंच भागाकडे सरकल्या.

सफरचंदाला माणूस वर घेऊन गेला. आंबोलीच्या भेकाला कोण नेणार? तो आधीच डोंगरमाथ्यावर आहे. त्याच्या वर फक्त आभाळ. पावसाळा आखडला, माथा कोरडा पडू लागला, तर त्याला जायला दुसरी जागा नाही. ज्याचे घर लहान त्याला धोका मोठा.

७. माळढोक गेला तो कशाने?

आता पुन्हा नान्नजच्या माळावर येऊ. माळढोकासाठी तिथे १९७९ साली अभयारण्य झाले. सोलापूर आणि अहिल्यानगर या दोन जिल्ह्यांत ते पसरलेले आहे. पण आज तिथे माळढोक दिसला तर एखाददुसरा, तोही क्वचित. साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरले आहेत, आणि त्यांतले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे.

सोलापूरचे हवामान माळढोकाला मानवेनासे झाले का? तसे दिसत नाही. पाऊस आजही माळाजोगाच आहे. मग काय झाले? मघाचा तिसरा प्रश्न आठवा. जागा शिल्लक आहे का? माळ नांगरले गेले. कालवे आले, ऊस आला. घरे आणि कारखाने उभे राहिले. विजेच्या तारा आल्या. माळढोकाची समोरची नजर कमी. जड शरीर चटकन वळवता येत नाही. तो तारांना धडकून मरतो. शिकार तर आधीपासूनच होती. आणि वर्षाला एकच अंडे. तूट भरून यायची कशी?

आणखी एक गोष्ट झाली. ती चांगल्या हेतूने झाली, म्हणून नीट समजून घ्यावी लागेल. माळाला आपण पडीक म्हणतो. सरकारदरबारीही पुष्कळ माळांची नोंद पडीक अशीच झाली. पडीक जागा म्हटली की काही तरी करावेसे वाटते. मग खड्डे खणले, गिरिपुष्प, सुबाभूळ अशी भराभर वाढणारी झाडे लावली. मंडळींना वाटले, आपण निसर्गाची सेवा केली. पण माळढोकाचे मोकळे घर बंद झाले.

झाड लावणे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही शाळेत कित्येक वर्षे मुलांकडून झाडे लावून घेतली. घाटात रान तुटले असेल तर तिथली झाडे जरूर लावा. गावठाणात कडुनिंब, बांधावर बोर-बाभूळ, ओढ्याकाठी करंज, उंबर लावा. पण माळ म्हणजे उजाड झालेले रान, ही समजूत सगळीकडे खरी नाही. जिथे पाऊस कमी आणि माती उथळ, तिथे गवत हेच तिथले रान. पुष्कळ माळ पिढ्यान्‌पिढ्या माळच आहेत. पवन्या, मारवेल, कुसळी ही गवते मातीला धरून ठेवतात. धनगर बांधवांची मेंढरे त्यांवर जगतात. लांडगा, खोकड, काळवीट, चंडोल त्यांवर जगतात. गुरांची वैरण तिथलीच.

माळावर दाट झाडी लावून शेकरू येणार नाही, कारण शेकराला हवे ते फळझाडांचे रान पाचशे मिलिमीटर पावसात उभे राहत नाही. पण माळढोक, काळवीट मात्र निघून जातील. आणि आपल्या मेंढरांचा चारा जाईल.

म्हणून गावच्या गायरानाचा प्रश्न ग्रामसभेत निघेल तेव्हा आधी विचारा: इथे पाऊस किती? माती किती खोल? आज इथे काय उगवते, कोण चरते, कोण अंडी घालते? जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आणि गावातल्या झाडांची, जनावरांची, पाखरांची नोंदवही ठेवायची असते. आपल्या गावची नोंदवही झाली आहे का, ते विचारा. झाली असेल तर तीत माळाचे गवत आणि माळाचे पक्षी लिहिले आहेत का, ते स्वतः वाचून पाहा. आता आपल्याला वाचता येते. वाचता येणाऱ्या माणसाने नोंदवही दुसऱ्याच्या भरवशावर सोडू नये.

ध्यानात ठेवा

१. पुष्कळ वर्षांच्या पावसापाण्याचा, ऊन-थंडीचा जो स्वभाव, त्याला हवामान म्हणतात.

२. हवामान झाडे ठरवते. झाडे आणि गवत जनावरे ठरवतात.

३. पाऊस किती पडतो आणि किती महिने पडतो, दोन्ही पाहावे.

४. हवामानाची सीमा सरकते. जीवही सरकू पाहतात. पण त्यांना जायला वाट आणि जागा हवी.

५. माळ ही रिकामी जागा नव्हे. तेही घरच आहे.

करून पाहा

सरळ उभ्या कडांचा एक डबा घ्या. तळ आणि तोंड सारखे रुंद असावे. पावसाळ्यात तो उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर, सपाट जागी ठेवा. रोज सकाळी एकाच वेळी पट्टीने आतले पाणी मोजा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. वहीत तारीख घालून लिहा आणि डबा रिकामा करा. पावसाळा संपल्यावर बेरीज करा. मग आपले गाव महाबळेश्वरच्या जवळचे, की वाईच्या, की फलटणच्या, ते ठरवा.

आपसात बोला

१. आपल्या आजोबांच्या वेळी शिवारात दिसणारा कोणता पक्षी किंवा प्राणी आज दिसत नाही? तो कशाने गेला असेल? पावसाने, की जागा गेल्याने?

२. आपल्या गावात आपोआप उगवणारी पाच झाडे आणि तीन गवते सांगा. त्यांची पाने लहान आहेत की मोठी? ती उन्हाळ्यात पाने गाळतात का?

३. आपल्या गायरानावर झाडे लावायची असे उद्या ठरले, तर तुम्ही ग्रामसभेत काय विचाराल? ते चार ओळींत लिहून काढा.